मुंबईत हॅम रेडिओ सुरू करायचाय? मग सेट सगळ्यात शेवटी घ्या

आमच्या क्लबच्या मीटिंगला दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं, सॅकमधून ऑनलाइन मागवलेला वॉकीटॉकी काढतं, टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "याच्यावर बोलायचं कसं?" चेहऱ्यावर एवढी हौस असते की आमच्या सिनियर काकांना पुढचं बोलणं जड जातं, पण सांगावंच लागतं की आधी याची बॅटरी काढून ठेव, लायसन्स आलं की मग बघू. दोन-तीन जण तेवढ्यावरच हिरमुसले आणि परत आलेच नाहीत, मला ते फार लागलं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी सेट, मग परीक्षा, मग क्लब, आणि ऐकणं राहूनच जातं. तुम्ही आधी ऐका, मग क्लबात या, मग परीक्षा द्या, मग अँटेनाचं बघा, आणि सेट शेवटी. मी बँकेत नोकरी करते, बारावीनंतर फिजिक्सशी संबंध आला नव्हता, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, अडतिसाव्या वर्षी परीक्षा दिली आणि पास झाले, तेव्हा "आपल्याला जमेल का" हा प्रश्न काढून टाका.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारकडून लायसन्स घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर, एक पैसाही न कमावता, स्वतःच्या वायरलेस स्टेशनवरून दुसऱ्या लायसन्सवाल्यांशी बोलणं. मधे मोबाईल कंपनी नाही, टॉवर नाही, इंटरनेटची गरज नाही. इकडे तुमची तार, तिकडे त्यांची तार. धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, राजकारण, धर्म, सांकेतिक भाषेत लपवून बोलणं, यातलं काही चालत नाही. मराठीत बोललेलं मात्र बिनधास्त चालतं आणि आम्ही भरपूर बोलतो.

आधी ऐका

यासाठी आज एक रुपया खर्च करायची गरज नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी आणि संस्थांनी आपले रिसिव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत, त्यांना वेबएसडीआर म्हणतात, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा फार प्रसिद्ध आहे. किवीएसडीआर नावाचे पण आहेत, त्यांच्या नकाशावरून आशियातला एखादा निवडा म्हणजे आपल्या बाजूची माणसं सापडायची शक्यता वाढते. फोनवर उघडा, हेडफोन लावा, आणि ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या मधे हळूहळू सरका. हा आपला चाळीस मीटरचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, इथल्या लहरींची लांबी साधारण तेवढी असते म्हणून. आवाज बदकासारखा आला तर सेटिंगमध्ये एलएसबी (लोअर साइडबँड) निवडा, एकदम माणसाचा आवाज होईल. १४ मेगाहर्ट्झवर गेलात तर यूएसबी लागतं, म्हणजे अपर साइडबँड, केबलवालं नव्हे. घरातल्या साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हेच बोलणं नुसतं गुरगुरल्यासारखं येतं कारण त्यात ही सोय नसते, रेडिओ बिघडलाय असं समजू नका.

पहिले चार-पाच दिवस काही कळणार नाही. मग एकेक गोष्ट कानाला लागते. कॉल साइन, म्हणजे प्रत्येक लायसन्सवाल्याला मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव, ओळखू येते, भारतातल्या व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात, अंदमानच्या व्हीयू४ ने, लक्षद्वीपच्या व्हीयू७ ने. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी का सांगतात ते कळतं, कारण खरखरीत 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात. "फाइव्ह नाइन" म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि जोरात येतोय, "क्यूएसबी" म्हणजे आवाज वरखाली होतोय, "क्यूटीएच" म्हणजे तुमचं ठिकाण, "सेव्हंटी थ्री" म्हणजे निरोपाचा नमस्कार. एक वही करा, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं ते लिहा. माझी ती पहिली वही अजून आहे, तिच्या पहिल्या पानावर फक्त "कोणीतरी पावसाबद्दल बोलतंय, बहुतेक कोल्हापूर" एवढंच आहे.

ऐकता ऐकता बँडचे स्वभाव कळतात, जे पुस्तकातून कितीही वाचलं तरी डोक्यात शिरत नाहीत. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर पुणे, नागपूर, बेळगाव, बंगळूर अशी काहीशे किलोमीटरवरची माणसं मिळतात, रात्र झाली की तोच बँड हजारो किलोमीटर लांबचं ओढून आणतो. याचं कारण वर आयनोस्फियरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागात, दिवसा एक खालचा थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून लांब उतरतात. १४ मेगाहर्ट्झवर तर उलटीच गंमत, युरोप घरात बोलल्यासारखा येतो आणि पुण्याचा पत्ता नसतो, कारण लहर वर जाऊन खाली उतरते तेव्हा मधला बराच पट्टा ती ओलांडून गेलेली असते.

आणि मुंबईकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच शहरातून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत, नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत. तो लागायचा ४२.३४ मीटरवर. प्रकाशाच्या वेगाला त्या लांबीने भागून बघा, ते साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे आज आपण ज्या चाळीस मीटर बँडवर सकाळी "काय म्हणता, पाऊस आहे का तिकडे" विचारतो, बरोबर त्याच्यातच. युद्धामुळे तेव्हा हौशी लोकांची लायसन्सं बंद केलेली होती आणि ट्रान्समीटर बाळगणं म्हणजे सरळ तुरुंग. मी ७.०८ च्या आसपासनं जाते तेव्हा दर वेळी दोन सेकंद थांबते.

क्लब शोधा

नेटवर "रेडिओ क्लब मुंबई" टाकलंत तर पहिल्यांदा कुलाब्याचा रेडिओ क्लब येईल, समुद्राकाठचा, तो आता जिमखान्यासारखा मेंबर लोकांचा क्लब आहे, तिथे वायरलेसवाले भेटायचे नाहीत. नाव मात्र उगाच नाही. जून १९२३ मध्ये इथल्या हौशी लोकांच्या रेडिओ क्लबने मुंबईतून कार्यक्रम प्रसारित करायला सुरुवात केली होती, सरकारमान्य कंपनीचं मुंबई केंद्र त्यानंतर चार वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये सुरू झालं. म्हणजे या शहरात रेडिओ आणला तो हौशी माणसांनी.

आपल्याला हवाय तो अमॅच्युअर रेडिओ क्लब. देशपातळीवर अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया आहे, हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ आहे, त्यांच्याकडे विचारलंत तरी तुमच्या भागातल्या लोकांपर्यंत पोचता येतं. मुंबईत बहुतेक वेळा ओळखीतूनच धागा लागतो. बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर किंवा केबलपेक्षा वेगळं काहीतरी, लांब तार किंवा माशाच्या काट्यासारखा अँटेना दिसला तर वॉचमनला विचारा कोणाचा आहे. खरंच विचारा. आमचे दोन मेंबर असेच आलेत, त्यातला एक तर लोकलच्या खिडकीतून रोज तो अँटेना बघायचा, शेवटी एके दिवशी मधेच उतरला.

पहिल्या मीटिंगला जाताना बुजू नका. वीस-पंचवीस माणसं असतील, त्यात मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, बेस्टमधले इलेक्ट्रिशियन, डॉक्टर, कॉलेजची पोरं, एखादी आठवीतली मुलगी वडिलांचा हात धरून आलेली. वयाने मोठ्यांना आम्ही काका किंवा सर म्हणतो, आणि सगळे एकमेकांना "ओएम" पण म्हणतात, तो "ओल्ड मॅन" चा शॉर्टफॉर्म, विशीतल्या पोरालाही ओएमच म्हणायचं. बायकांना वायएल म्हणतात. सुरुवातीला नावं लक्षात राहायची नाहीत कारण सगळे एकमेकांना कॉल साइनच्या शेवटच्या तीन अक्षरांनी हाक मारतात, आमच्याकडे काही जणांची खरी नावं मला वर्षभराने कळली. समोरासमोर भेटण्याला "आयबॉल" म्हणतात, आणि आयबॉल म्हटलं की चहा आणि बटाटेवडे आलेच.

क्लबातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे रोजचं नेट. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी हजेरी लावणं. एक जण नेट कंट्रोल असतो, तो एकेकाला बोलावतो, आपण कॉल साइन सांगायची, काय ऐकू येतंय त्याचा रिपोर्ट द्यायचा, काही सांगायचं-विचारायचं असेल तर तेवढं बोलून माइक परत द्यायचा. ऐकायला हे अगदी साधं वाटतं, पण वीस माणसांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांना न तुडवता बोलणं ही शिस्त आहे, आणि ती रोज केल्याशिवाय अंगात येत नाही. एकाचं बोलणं संपलं की दोन सेकंद मोकळे सोडायचे, कुणाला तातडीचं काही असेल तर तो त्या फटीत "ब्रेक" म्हणतो. या दोन सेकंदांवर आमचे काका इतके कडक आहेत की मी एकदा सलग तीनदा गडबड केली तेव्हा त्यांनी नेट थांबवून मला सगळ्यांसमोर समजावलं. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. आता नेट कंट्रोलला मी बसते तेव्हा नवीन लोकांना तेच सांगते, फक्त नेट संपल्यावर, फोन करून.

लायसन्स नसताना तुम्ही नेटवर बोलू शकत नाही, पण एखाद्या मेंबरच्या घरी, त्याच्या शॅकमध्ये बसून ऐकू शकता. शॅक म्हणजे रेडिओची खोली. मुंबईत खोली कुठली, कुणाची शॅक पलंगाखाली असते, कुणाची कपाटाच्या मधल्या कप्प्यात, माझी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. अशी एक संध्याकाळ नक्की मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

परीक्षा

परीक्षा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंगतर्फे होते, पास झालात की अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटरचं सर्टिफिकेट मिळतं. अर्ज सरल संचार पोर्टलवरून करायचा. फी, फॉर्म, कागदपत्रं यातलं काही कुणाच्या जुन्या नोट्सवरून धरू नका, त्या दिवशी पोर्टलवर जे लिहिलंय तेच खरं. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत.

दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पेपरचे दोन भाग, एक रेडिओची थिअरी आणि दुसरा नियम, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पण यावा लागतो, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. माझा सल्ला, आधी रिस्ट्रिक्टेड देऊन हवेत या, मोर्स मग आवडीने शिका. (मोर्स शिकताना टिंब-रेघा डोळ्यांसमोर आणू नका, प्रत्येक अक्षर एक ठेका म्हणून ऐका, तबल्याच्या बोलासारखं.)

अभ्यासाचं म्हणाल तर ओहमचा नियम, कपॅसिटर-कॉइल, रेझोनन्स, रिसिव्हर-ट्रान्समीटरचे ब्लॉक डायग्राम, लहरी कशा जातात, अँटेना, आणि क्यू कोड, म्हणजे क्यूएसबी, क्यूटीएच यांसारखे संक्षेप. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यांना थिअरीची भीती वाटते पण लोक अडकतात नियमांच्या भागात, कारण तो सोपा म्हणून कोणी वाचत नाही. कुठला बँड कुठून कुठपर्यंत, लॉगबुकात काय लिहायचं, संकटाचा संदेश ऐकला तर काय करायचं, हे पाठच करा. क्लबमध्ये परीक्षेच्या आधी रविवारी क्लास घेतात, फुकट, तिथे एकदा तरी हातात सोल्डरिंग आयर्न घ्या.

पास झाल्यावर लायसन्स आणि कॉल साइन यायला वेळ लागतो, महिनेही जाऊ शकतात. बरेच जण या काळात गळतात. तसं करू नका, हाच काळ अँटेनाचा आहे.

अँटेना आणि सोसायटी

मुंबईत हॅम रेडिओची खरी परीक्षा ही. कारण गच्ची सगळ्यांची असते, चावी सेक्रेटरीकडे असते, आणि अँटेना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाईल टॉवर उभा राहतो.

मी पहिल्यांदा चूक केली. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना भाच्याला घेऊन गच्चीवर गेले आणि तार बांधून आले. संध्याकाळपर्यंत वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांना कळलं, दुसऱ्या दिवशी तार कापलेली. चूक माझीच होती, विचारलं नव्हतं. मग काकांनी सांगितलं तसं केलं. आधी लेखी अर्ज, सोबत परीक्षेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि लायसन्स आल्यावरच ट्रान्समिट करीन असं स्पष्ट लिहून दिलेलं, एका कागदावर चित्र काढलं की नेमकं काय लावणार आहे, किती जाडीची तार, कुठून कुठे, भिंतीला भोक पाडणार नाही, पाइपाला बांधणार नाही. मग कमिटीच्या मीटिंगला क्लबचा छोटा रिसिव्हर घेऊन गेले आणि सगळ्यांना नागपूर-बेळगाव ऐकवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बेळगावच्या, त्यांनी तिकडचा मराठी हेल ऐकला आणि म्हणाल्या, "लावू द्या गं पोरीला." परवानगी मिळाली.

काय लावायचं ते आता. ७ मेगाहर्ट्झसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला म्हणजे डायपोल, मधोमध केबल जोडलेली सरळ तार. लांबी काढायचा ठोकताळा असा की १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी वीस मीटर येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. आपल्याकडच्या गच्च्या एवढ्या सरळ लांब नसतात, म्हणून मधला भाग बांबूवर उंच करून दोन्ही टोकं खाली उतरवतात, उलट्या व्हीसारखं, नाहीतर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं. तार आधी अर्धा मीटर जास्तच ठेवा आणि मग थोडी थोडी कापत एसडब्ल्यूआर जुळवा, कापलेली तार परत जोडायला कंटाळा येतो. एसडब्ल्यूआर म्हणजे तुम्ही पाठवलेली पॉवर अँटेनात जातेय की परत सेटकडे येतेय त्याचं माप, दीडच्या खाली आलं की झोपा निवांत. मीटर विकत घेऊ नका, क्लबचा मिळतो.

तार, केबल, कनेक्टर, सगळं लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-दहा मिनिटं. पहिल्यांदा जाताना क्लबमधल्या कुणालातरी घेऊन जा, कुठली आरजी-२१३ केबल खरी आणि कुठली नावाला, हे हाताळून बघितल्याशिवाय कळत नाही.

मुंबईचे स्वतःचे त्रास आहेत ते लक्षात ठेवा. खारी हवा कनेक्टर खाते, सहा महिन्यांत तांबं हिरवं पडतं, म्हणून जोडावर रबराची स्वतःच चिकटणारी टेप घट्ट गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते. संक्रांतीला मांजा अडकतो, पतंगवाल्या पोरांना आधीच तार दाखवून ठेवा आणि त्या दोन दिवसांत डायपोल खाली उतरवला तर उत्तम, आमच्याकडे मी उतरवतेच. मे महिन्यात गच्चीवर वाळवणं असतात, कुरडया-पापडांवरून वाकून तार ओढू नका, आणि तार इतक्या उंचीवर ठेवा की कुणी तिच्यावर साडी वाळत घालणार नाही, कारण ट्रान्समिट करताना टोकाला हात लागला तर भाजतं. ही शेवटची गोष्ट गांभीर्याने घ्या. पावसाळ्याच्या तोंडाला आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर. विजेच्या तारांच्या जवळपास अँटेना नको म्हणजे नको, आणि कठड्याजवळ एकट्याने काम करायचं नाही.

मग खरखर. शहरात ती असतेच, एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर, लिफ्ट, वायफायचे अडॅप्टर सगळे थोडी थोडी खरखर सोडतात. शोधायची युक्ती सोपी आहे, रिसिव्हर बॅटरीवर लावा आणि घरातला मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरात आहे, एकेक एमसीबी चालू करत जा. माझ्याकडे तो देव्हाऱ्यातला दिव्याच्या माळेचा अडॅप्टर निघाला.

गच्ची मिळालीच नाही तर रडत बसू नका. १४५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हातातले सेट चालतात त्या बँडच्या, अँटेनाला एका दांड्याची लांबी फक्त साधारण ४९ सेंटिमीटर लागते, एक कनेक्टर आणि पाच जाड तारा, खिडकीच्या ग्रिलबाहेर सहज बसतो.

आता सेट

बहुतेक जण हँडीपासून सुरू करतात, पाच वॅटचा हातातला सेट, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा. बाजारात लायसन्सशिवाय वापरता येणारे छोटे वॉकीटॉकी असतात, ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी पॉवरचे, ते वेगळे, त्यांच्यावर हॅम लोक मिळत नाहीत. आणि जे "सगळ्या फ्रिक्वेन्सी चालतात" म्हणून स्वस्तात विकतात ते लायसन्स नसताना बाळगणं गुन्हा आहे, तसल्या सेटवर चुकून पोलिसांच्या किंवा विमानाच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलंत तर काय होईल याचा विचार करा. लायसन्स हातात, मग क्लबमध्ये विचारून, बिल घेऊन खरेदी.

हँडीने इमारतींच्या जंगलात दोन-चार किलोमीटरच्या पुढे जाणं कठीण, म्हणून रिपीटर असतो. तो उंचावर बसवलेला सेट, तुमचं बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत सोडतो. त्याचा टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा बारीक सूर, सेट केला नाही तर तुम्ही तासभर बोललात तरी तो उघडणार नाही, नवीन लोकांची निम्मी तक्रार हीच असते.

लांबचं बोलायला एचएफ रिग, म्हणजे ७, १४ मेगाहर्ट्झसारख्या बँडवर चालणारा सेट, लागते आणि ती महाग. पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी डिझाइन केलेला बिटएक्स आपल्याकडे आहे, साध्या पार्ट्समधून घरी बनवता येईल असा, तो जगभर लोकांनी बनवला. आमच्या क्लबात चार जणांचा मिळून एक ग्रुप दर हिवाळ्यात एखादा सेट जोडायला बसतो, महिना दोन महिने लागतात, पण तो बिघडला तर दुरुस्त करता येतो.

पहिला कॉल

घसा कोरडा पडतो. सगळ्यांचाच. आधी निदान पाच मिनिटं ऐका की फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, मग विचारा "इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?" आणि आपली कॉल साइन सांगा. उत्तर नाही आलं तर "सीक्यू सीक्यू सीक्यू, व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढे तुमची तीन अक्षरं, दोनदा, सावकाश. सीक्यू म्हणजे ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्या. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. माइक तोंडाला चिकटवू नका.

माझा पहिला क्यूएसओ, म्हणजे हवेवरचं बोलणं, नागपूरच्या एका रिटायर्ड गृहस्थांशी झाला, सकाळी पावणेसातला, कुकरची शिट्टी व्हायच्या आत उरकावं म्हणून मी भराभरा बोलत होते. ते म्हणाले, "ताई, घाई करू नका, मी कुठे जात नाही." त्यांनी माझा रिपोर्ट दिला, माझं लोकेटर विचारलं, मला सांगता येईना तर त्यांनीच समजावलं. जगाचे चौकोन पाडून प्रत्येकाला नाव दिलंय, आणि १९ अंशांची रेघ आपल्या लोअर परळच्या आसपासनं जाते, त्यामुळे दादरच्या पुढचे सगळे एमके६९ आणि कुलाबा-गिरगाववाले एमके६८. मी तेव्हापर्यंत मुंबईकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. नंतर त्यांचं क्यूएसएल कार्ड पोस्टाने आलं, म्हणजे झालेल्या बोलण्याची पोचपावती, ते फ्रिजवर लावलंय.

वर्षभर क्लबात काय चालतं

१८ एप्रिलला जागतिक अमॅच्युअर रेडिओ दिन, १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली त्याची आठवण. ऑक्टोबरच्या तिसऱ्या वीकएंडला स्काउट-गाइडची मुलं हवेवर येतात, तेव्हा शाळेत जाऊन स्टेशन लावतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या वीकएंडला मोठ्या जागतिक कॉन्टेस्ट, ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायच्या.

नवीन लोकांनी चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे फॉक्स हंट. एक जण छोटा ट्रान्समीटर लपवून येतो आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. मोजमापाच्या स्टीलच्या टेपचे तुकडे आणि प्लॅस्टिकचा पाइप यांतून दिशा दाखवणारा अँटेना घरी होतो. पवईला केलं तेव्हा मुलं तलावाच्या उलट्या बाजूला धावत गेली, कारण सिग्नल समोरच्या टॉवरवर आपटून येत होता. अँटेना नसेल तर हँडी छातीशी धरून गोल फिरा, सिग्नल सगळ्यात कमी झाला की फॉक्स तुमच्या पाठीमागे, कारण मधे तुमचं स्वतःचं शरीर आलंय.

फील्ड डेला, म्हणजे घराबाहेर उघड्यावर स्टेशन लावायच्या दिवशी, माथेरानसारख्या उंचीवर जातो. साधारण आठशे मीटर उंचीवरून व्हीएचएफला, म्हणजे हँडीच्या १४५ मेगाहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सींना, शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंतचं क्षितिज मिळतं, खाली जो हँडी चेंबूर ते घाटकोपर करताना धापा टाकतो तोच वरून मजेत बोलतो. आणि आकाश स्वच्छ असो वा नसो, अंतराळ स्टेशन डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कान लावतो, जास्तीत जास्त दहा मिनिटं मिळतात. ४ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला तिथून हॅम रेडिओवरूनच बंगळूरच्या यू. आर. राव सॅटेलाइट सेंटरशी बोलले. आपला स्वतःचा हॅमसॅट नावाचा उपग्रह पण होता, ५ मे २००५ ला पीएसएलव्हीने सोडलेला, २०१४ पर्यंत चालला, आमच्या जुन्या मेंबरांनी त्याच्यावरून मारलेल्या गप्पा ते अजून सांगतात.

आणि मग सराव. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या शहरात मोबाईल लागत नव्हते, माझे वडील कुर्ल्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले आणि तोपर्यंत आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवायलाच गेले होते, बाकी फोन बंद पडलेले असताना त्यांनी त्या स्टेशनवरून निरोप पोचवले. म्हणून आम्ही दर पावसाळ्याच्या आधी एक रविवार राखून ठेवतो. सगळ्यांनी घरातली वीज बंद करायची, फक्त बॅटरीवर यायचं, आणि प्रत्येकाने एक निरोप पुढे द्यायचा, कोणाकडून, कोणाला, किती वाजता, काय हवंय. "औषधं पाठवा" असं नाही, औषधाचं नाव अक्षर अक्षर फोड करून, संख्या एकेक आकडा सुटा बोलून, "पंधरा" नाही तर "एक, पाच", कारण खरखरीत पंधरा आणि पन्नास सारखेच वाटतात. समोरच्याने पूर्ण परत वाचून दाखवायचं, तुम्ही "बरोबर" म्हणाल तेव्हाच तो निरोप गेला असं धरायचं. मागच्या वेळी सहा घरांतून फिरून निरोप कुलाब्याहून मुलुंडला आठ मिनिटांत पोचला, एक आकडा चुकला होता, आणि कुठल्या घरात चुकला ते आम्ही त्याच संध्याकाळी लॉगबुकं मांडून शोधून काढलं.